कमी मैल, जास्त वय: जुनी डिझेल पुशर सांभाळताना

अमेरिकेत जुन्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, जाहिराती चाळायला घेतल्या की एक ओळ सारखी भेटते: ‘२००२ चं मॉडेल, फक्त ३८,००० मैल’. कमिन्सचं ८.३ लिटरचं इंजिन आणि ॲलिसनचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्या हिशेबात ३८,००० मैल म्हणजे जेमतेम बारसं झालंय. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो आकडा ठळक छापतो. पण वीस-बावीस वर्षांत एवढेच मैल, याचा अर्थ गाडी वर्षाला पावणेदोन हजार मैल चालली आणि उरलेला काळ कुठेतरी उभी होती. रबर, सीलंट, कूलंट, डिझेल, बॅटरी यांना मैल मोजता येत नाहीत. त्यांना वर्षं मोजता येतात. त्यामुळे अशा गाडीचं सर्व्हिस बुक मैलांवर ठेवू नका, तारखांवर ठेवा.

इथे जे लिहिलंय ते साधारण १९९८ ते २००८ मधल्या, ३६ ते ४२ फुटी, मागे इंजिन असलेल्या भारी गाड्यांबद्दल आहे. मागून ढकलतं म्हणून ‘पुशर’. मोनॅको, बीव्हर, कंट्री कोच ही ऑरेगनची नावं, टेक्ससमधल्या नॅकोडोचेसची फोरट्रॅव्हल, इंडियानाची न्यूमार. यातल्या मोनॅको आणि कंट्री कोच २००९ मध्ये दिवाळखोरीत गेल्या, फ्लीटवूडही त्याच वर्षी. म्हणजे पार्ट मिळणार नाहीत अशी भीती वाटते, पण तसं नसतं. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, ॲक्सल हे सगळं ट्रकचं आहे आणि ट्रकच्या दुकानात आजही मिळतं. मिळत नाही ते वेगळंच: पुढची वक्र काच, फायबरची टोकं, दारांचे साचे, आणि त्या त्या कंपनीने स्वतःसाठी करून घेतलेली सर्किट बोर्डं. गाडी बघायला गेलात तर इंजिनाचा आवाज नंतर ऐका. आधी काचेला तडा आहे का, आणि सगळी बटणं चालतात का, ते बघा.

टायर

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो. त्याचे शेवटचे चार अंक म्हणजे जन्मतारीख: २४१९ म्हणजे २०१९ चा चोविसावा आठवडा. तीनच अंक दिसले तर टायर २००० सालाआधीचा. त्या गाडीला तिथून टोइंग करूनच हलवायचं. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असतो आणि मागच्या जोडचाकांत तो नेमका आतल्या बाजूला गेलेला असतो, तेव्हा फोन आत सरकवून फोटो काढावा लागतो.

मोटरहोमचा टायर झिजून मरत नाही. नक्षी नवीकोरी दिसते आणि आतली रबर वाळून कडक झालेली असते. मिशेलिन पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासणी करायला सांगते आणि दहा वर्षं ही शेवटची मर्यादा मानते. आमचं मत विचाराल तर पुढचे दोन टायर सातव्या वर्षी बदला, नक्षी कितीही चांगली असो. पुढचा टायर फुटला की सोळा टनांची गाडी सांभाळायला हातात फक्त स्टिअरिंग उरतं.

हवा किती भरायची हे टायरवर छापलेल्या आकड्यावरून ठरवू नका, तो टायरच्या कमाल वजनाला लागणाऱ्या दाबाचा आकडा आहे. पाणी, डिझेल, माणसं, भांडीकुंडी सगळं भरून गाडीचं वजन करा, शक्य असेल तर प्रत्येक चाकाचं वेगळं. ट्रक थांब्यावरच्या कॅट काट्यावर फक्त ॲक्सलचं वजन कळतं, आणि या गाड्या एका बाजूला झुकलेल्या असतात, कारण फ्रिज, ओटा आणि मुक्कामात बाहेर सरकणारी खोली बऱ्याचदा एकाच अंगाला असतात. दोन्ही बाजूंपैकी जड बाजूचं वजन धरायचं, टायर कंपनीच्या तक्त्यात त्यासमोरचा दाब बघायचा आणि त्या ॲक्सलच्या सगळ्या चाकांत तोच भरायचा. मोजायचं ते थंड टायरवर, सकाळी निघण्याआधी.

मागच्या रेडिएटरचं खरं दुखणं

चढावर तापणाऱ्या पुशरला लोक आधी थर्मोस्टॅट बदलतात, मग वॉटर पंप, मग नवा रेडिएटर. नव्वद टक्के वेळा आधी साबण आणि पाण्याचा पाइप घ्यायला हवा होता, असं आम्ही म्हणू.

रेडिएटर गाडीच्या शेपटीला असेल तर त्याच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, टर्बोची हवा थंड करणारा कूलर असतो आणि त्याच्याही पुढे पंखा. पंखा इंजिनाकडची हवा मागे ढकलतो. इंजिनाच्या क्रॅंककेसमधून वाफ बाहेर सोडणारी नळी, जिला इथले मेकॅनिक ‘स्लॉबर ट्यूब’ म्हणतात, ती बऱ्याच गाड्यांत पंख्याच्या पुढेच खाली उघडते. तिच्यातून तेलाचे बारीक थेंब निघतात, पंखा ते कूलरच्या पत्र्यांवर फवारतो, आणि मग रस्त्यावरची धूळ त्यावर बसते. चार-पाच वर्षांत पुरणाच्या चाळणीला चिकटलेल्या लगद्यासारखा थर होतो. मागून जाळीतून बघितलंत तर रेडिएटर लख्ख दिसतो, कारण घाण आतल्या तोंडावर आहे. मागून पाणी मारणारे लोक आपण धुतलं या समाधानात घरी जातात.

धुण्याची पद्धत अशी. इंजिन पूर्ण गार झालेलं हवं. बेडरूममधली गादी उचला, खालची फळी काढा, इंजिन दिसेल. आल्टरनेटर, एअर फिल्टरचं तोंड आणि उघडे कनेक्टर प्लास्टिकने बांधा. ॲल्युमिनियमला चालेल असा, तेलकटपणा काढणारा डिग्रीझर बागेच्या फवारणी पंपात भरा. तीव्र अल्कली असलेला घेऊ नका, तो पत्रा खातो. पंख्याच्या पात्यांमधून नळी घालून कूलरच्या इंजिनाकडच्या तोंडावर सगळीकडे फवारा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. मग साध्या पाइपाने, हलक्या दाबाने, आधी पंख्याच्या बाजूने आणि नंतर मागच्या बाजूने पाणी सोडा. प्रेशर वॉशर नको, पत्रे आडवे होतात आणि मग हवाच जात नाही. पहिलं पाणी चहाच्या चोथ्यासारखं निघेल. ते स्वच्छ येईपर्यंत पुन्हा फवारा, पुन्हा धुवा. पहिल्यांदा करताना तीन-चार फेऱ्या सहज होतात. शेवटी इंजिन चालू करून पंख्याने सगळं वाळू द्या.

यानंतर दोन गोष्टी केल्या नाहीत तर दोन वर्षांनी पुन्हा तीच गादी उचलावी लागते. पहिली, स्लॉबर ट्यूबला तेलाला चालणारी रबरी नळी जोडून तिचं तोंड रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या वाऱ्याबाहेर न्या. नळीला कुठेही खोलगट झोळ राहू देऊ नका, थंडीत त्यात पाणी गोठतं आणि क्रॅंककेसचा दाब सील फोडून वाट काढतो. दुसरी, ऑइलची डिपस्टिक तपासा. पुशरमध्ये इंजिन बसवताना लांब, वाकडी नळी लावलेली असते आणि काठीवरच्या खुणा कित्येकदा चुकीच्या असतात. ऑइल बदलताना इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच, मोजून भरा, इंजिन थोडं चालवून बंद करा, पंधरा मिनिटांनी काठी काढा आणि जिथे तेल दिसेल तिथे कानशीने नवी खूण करा. ‘फुल’ची जुनी खूण गाठायच्या नादात जास्त भरलेलं तेल त्या नळीवाटेच बाहेर पडतं.

आणि चढावर काटा वर जायला लागला तर ॲक्सिलरेटर दाबून सहाव्या गिअरमध्ये रेटू नका. खालचा गिअर घ्या, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास फिरू द्या. पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही इंजिनाच्या वेगावर चालतात. वेग कमी होईल, होऊ द्या.

कूलंटची वेगळी भानगड आहे. ८.३ लिटरच्या कमिन्समध्ये सिलिंडरचे लायनर ‘ओले’ असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागतं. इंजिन चालताना लायनर थरथरतो, त्याच्या अंगावर वाफेचे बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उडवतो. असं टोचत टोचत आरपार भोक पडतं. ते टाळायला जुन्या हिरव्या कूलंटमध्ये एससीए नावाचं द्रव्य घालतात, जे लायनरवर पातळ थर धरतं. त्याचं प्रमाण गॅलनला १.२ ते ३ युनिटच्या दरम्यान हवं. मोजायला कागदी पट्ट्या मिळतात: बुडवा, डबीवर लिहिलेला वेळ थांबा, रंग जुळवा. वर्षातून दोनदा पुरे. न मोजता ‘थोडं अजून’ ओतत गेलात तर उलट चिकट साका होऊन रेडिएटर तुंबतो. ही कटकट नको असेल तर पूर्ण निचरा करून, धुऊन, डिझेल इंजिनासाठीचं दीर्घ मुदतीचं कूलंट भरा. दोन प्रकार एकमेकांत मिसळू मात्र नका. ५.९ लिटरच्या कमिन्समध्ये ओले लायनर नाहीत, त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

छत

कोकणातलं घर मृगाआधी शाकारतात, तसं या गाडीचं छत वर्षातून दोनदा हाताने चाचपायचं. बाकी सगळं बिघडलं तर दुरुस्त होतं. पाणी मुरलेली भिंत दुरुस्त होत नाही. या गाड्यांच्या भिंती बहुधा सँडविचसारख्या असतात: बाहेर फायबरग्लास, त्याला चिकटवलेलं पातळ प्लायवूड, मध्ये फोम. पाणी प्लायला पोचलं की डिंक सुटतो आणि बाहेरचा पत्रा पुरीसारखा फुगतो. दिवसा हे दिसत नाही. रात्री टॉर्च भिंतीला टेकवून उजेड तिरपा पाडा, फुगवटा लगेच सावली टाकतो. विकत घेण्याआधीचं हे सगळ्यात स्वस्त परीक्षण आहे.

गळती छताच्या मोकळ्या भागातून क्वचित येते. ती येते भोकातून: व्हेंट, एसी, अँटेना, पुढच्या-मागच्या टोकांचे जोड, आणि टोकांवरचे ते लहान पिवळे-लाल दिवे, ज्यांच्याकडे कोणी बघतच नाही. एक १४ इंची व्हेंट नीट बसवायची तर जुना सीलंट हीट गनने कोमट करून प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, लोखंडी पटाशी रबरी छत फाडते. स्क्रू काढून व्हेंट उचला, खालची जुनी ब्यूटाइलची (चिकट रबराची) पट्टी पूर्ण काढा, स्पिरिटने पुसा. नवी ब्यूटाइल पट्टी चारही बाजूंनी, कोपऱ्यात तुकडे न जोडता एकमेकांवर चढवून लावा. स्क्रू समोरासमोर आवळत जा. ब्यूटाइल काठातून थोडं बाहेर दिसलं की थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे आवळा, तोवर पट्टी दबलेली असते. मग वरून आपोआप सपाट पसरणारा सीलंट, स्क्रूंची डोकी झाकून, अर्धा इंच पलीकडेपर्यंत. एका व्हेंटला साधारण एक नळी लागते. हा सीलंट सपाट जागेसाठीच असतो. उभ्या कडेला तो ओघळतो, तिथे न ओघळणारा प्रकार घ्या.

हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकोन छतावर नको म्हणजे नको. रबरी छताला ते धड चिकटत नाही, आणि त्याचा अंश राहिला की पुढे त्यावर दुसरं काहीही धरत नाही. जुन्या मालकाने सिलिकोनची नळी रिकामी केलेली दिसली तर किमतीत तेवढी घासाघीस करा.

वीज

आपल्याकडे न्यूट्रल उडाला की घरातले टीव्ही-पंखे का जळतात हे प्रत्येक वायरमन सांगेल. कॅम्पग्राउंडवर मुक्कामी गाडीला वीज देणाऱ्या ५० अँपिअरच्या खांबावर हेच होतं. त्या प्लगमध्ये १२० व्होल्टच्या दोन वेगळ्या तारा, एक न्यूट्रल आणि एक अर्थिंग असतं. न्यूट्रल सैल झाला तर दोन तारांमधले २४० व्होल्ट भार असेल तसे वाटले जातात, एका बाजूला ८० तर दुसरीकडे १६०, आणि मायक्रोवेव्ह, इन्व्हर्टर, टीव्ही एका झटक्यात जातात. त्यामुळे न्यूट्रल तुटलेला ओळखून पुरवठा तोडणारा संरक्षक लावल्याशिवाय प्लग जोडू नका. नुसता सर्ज थोपवणारा स्वस्त डबा यात कामाचा नाही.

गाडीच्या आत, बाहेरची वीज आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच असतो. त्याचे स्क्रू गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतात, सैल जोड तापतो, आणि तापलेला आणखी सैल होतो. वर्षातून एकदा प्लग काढून, जनरेटर बंद, इन्व्हर्टर बंद, आणि मीटरने खात्री करून झाकण उघडा. तारेचं आवरण तपकिरी झालेलं किंवा टर्मिनल काळवंडलेलं दिसलं तर नुसतं आवळून भागत नाही, स्विच बदलायचा.

घरातल्या दिव्यांच्या बॅटऱ्या म्हणून जुन्या गाड्यांत सहा व्होल्टच्या गोल्फ कार्टच्या बॅटऱ्या असतात, बहुधा चार. २२५ अँपिअर-तासांच्या चार म्हणजे १२ व्होल्टला ४५० अँपिअर-तास, आणि त्यातले निम्मेच वापरायचे. विश्रांत बॅटरी १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर घाला, आधी घातलं तर चार्ज होताना उतू जाऊन ॲसिड ट्रेमध्ये सांडतं आणि तो ट्रे गंजून जातो. लिथियम लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. लावा, पण जुना चार्जर तसाच ठेवून नाही, आणि आल्टरनेटरवर मर्यादा घालणारं यंत्र मध्ये हवंच. लिथियम इतका करंट ओढते की आल्टरनेटर जळतो. शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करायची नसते हेही मिनेसोटा-शिकागोकडच्यांनी ध्यानात ठेवावं.

गॅसवर चालणारा अमोनियाचा फ्रिज असेल तर बाहेरची जाळी काढून मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसते का बघा. ती पूड म्हणजे आतलं द्रावण गळतंय, आणि तो फ्रिज त्याच दिवशी बंद. नॉर्कोल्ड कंपनीच्या १२०० मालिकेच्या फ्रिजचे आगीच्या धोक्यामुळे रिकॉल झाले होते, सिरियल नंबर सरकारी यादीत तपासून घ्या. गॅस, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मांच्या पाठीवर तारीख असते. पाच-सात-दहा वर्षांत ते आंधळे होतात, हिरवा दिवा मात्र पेटत राहतो. फोडणीने धुराचा अलार्म वाजतो म्हणून सेल काढून ठेवलेल्या गाड्या कमी नाहीत. फोडणी बाहेरच्या शेगडीवर द्या.

हवा, आणि महिन्याची फेरी

या गाड्या हवेच्या फुग्यांवर बसतात. फुगा घडीच्या जागी चिरतो, आणि फुटला तर गाडी क्षणात काही इंच खाली येते. चासीखाली योग्य जागी लोखंडी घोडे लावल्याशिवाय खाली कोणीही शिरायचं नाही, ‘एक मिनिटात आलो’ म्हणूनही नाही. हायड्रॉलिक जॅक हे घोड्यांच्या जागी चालत नाहीत.

महिन्यातून एकदा गाडी वीस-तीस मैल चालवून आणा. जागेवर इंजिन अर्धा तास घुरघुरत ठेवणं हे न चालवण्यापेक्षा वाईट: तेल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी उडत नाही, गिअरबॉक्स आणि ॲक्सल तर थंडच राहतात. फेरीच्या वेळी जनरेटरही लावा आणि छतावरचे दोन्ही एसी सुरू करा, त्याला निम्मा तरी भार हवा. सकाळी इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर पंपावर संशय घेण्याआधी डिझेलच्या रबरी नळ्या बघा. वीस वर्षांत त्या कडक होऊन जोडापाशी हवा ओढतात.

परत आल्यावर सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, पार्किंग ब्रेक लावून, इंजिन चालू ठेवून गिअरच्या पॅनलवरचे वरचा आणि खालचा बाण एकदम दाबा. ॲलिसन दोन मिनिटं उलटी मोजणी करतं आणि मग एकेक अक्षर दाखवतं: ‘ओ-एल’, ‘ओ-के’ आलं की तेल बरोबर. ‘एल-ओ’ आणि ‘०२’ आलं तर दोन क्वार्ट कमी.

मग ब्रेक, तेही हवेवरच चालतात: टाक्यांत हवा पूर्ण भरू द्या, काटा १२० पीएसआयच्या पुढे जाऊन थांबेल. इंजिन बंद, चाकांना लाकडी ठोकळे, चावी चालू, पार्किंग ब्रेक सोडलेला. एका मिनिटात दाब २ पीएसआयपेक्षा जास्त पडता कामा नये. ब्रेकचं पेडल दाबून धरलं तर ३ पेक्षा जास्त नाही. आता पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा कमी करत जा. ६० च्या आसपास बझर वाजलाच पाहिजे, आणि २० ते ४५ च्या दरम्यान पार्किंगची पिवळी मूठ आपोआप बाहेर उडाली पाहिजे.

शेवटी हवेच्या टाक्यांचे ड्रेन एकेक करून उघडा आणि खाली पांढरा पुठ्ठा धरा. पुठ्ठा कोरडा राहिला तर ठीक. पाणी आलं तर हवा सुकवणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. ते तसंही दोन-तीन वर्षांनी बदलायचंच असतं. काळं, तेलकट शिंतोडे उडाले तर नवं कार्ट्रिज लावून पैसे वाया घालवू नका, आधी कॉम्प्रेसर बघा.